जर्मन: घरगुती कृती

साहित्य: जर्मनीत भाड्याची एक खोली, पुण्याहून आणलेलं ए-टू पातळीचं एक प्रमाणपत्र, लाज चवीपुरती.

१. प्रमाणपत्र फाईलमध्ये ठेवून द्या. ते पुन्हा लागणार नाही.

२. जेवायला बसा आणि लिंगं पाठ करा. चमचा 'डेअर', म्हणजे तो. काटा 'डी', म्हणजे ती. सुरी 'डास', म्हणजे ते. यात तर्क शोधू नका. भिंत ती आणि दार ते का, हे आपल्याला तरी कुठे ठाऊक आहे? मुलगी, म्हणजे 'मेडशेन', नपुंसकलिंगी आहे हे ऐकून इंग्रज चक्रावतो. मालवणचा माणूस चक्रावत नाही. त्याचं चेडूही 'ता'च, म्हणजे 'ते'च असतं.

३. घड्याळ बघा. 'हाल्ब ड्राय' म्हणजे शब्दशः अर्धा तीन. मी ते साडेतीन समजलो आणि दाताच्या डॉक्टरकडे तासभर उशिरा पोचलो. ते अडीच असतं: तिसरा तास अर्धा झाला. आपला 'अडीच'सुद्धा संस्कृतातल्या 'अर्धतृतीय'वरूनच आलाय, तेव्हा मला तरी ही चूक शोभत नव्हती. आकड्यांना घाबरू नका. एकवीसला तेही 'एक आणि वीस'च म्हणतात.

४. बेकरीत जा. छोट्या पावाला बर्लिनमध्ये 'श्रिपे' म्हणतात, म्युनिकमध्ये 'झेमेल'. गाव बघून पाठांतर करा. पाव मागताना काही अडत नाही. अडतं ते नंतर, बाई "आणखी काही?" विचारतात तेव्हा. प्रश्न कळला नाही की आपण हसून 'या' म्हणतो. 'या' म्हणजे हो. बाई चिमटा उचलून थांबतात. मागे रांग. मग बोटाने काहीतरी दाखवावंच लागतं. पहिला महिनाभर मी रोज सफरचंदाच्या केकचा एक तुकडा घरी आणत होतो.

५. समोरच्याला दया येऊन तो इंग्रजीवर आला, तर तुम्ही जर्मनच रेटा. त्यालाही दोन मिनिटं त्रास होऊ दे.

६. आता इंग्रजी न येणारी एक शेजारीण आजी मिळवा. त्यासाठी रविवारी काचेच्या रिकाम्या बाटल्या कोपऱ्यावरच्या काचपेटीत टाका. रविवारी आवाज चालत नाही. तिसऱ्या बाटलीला खिडकी उघडते.

माझ्या आजी सावकाश बोलत नव्हत्या, तरी सगळं कळत होतं. "तुम्ही पेटीवरची पाटी वाचलीच नाही!" त्या म्हणाल्या. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "डोख!" समोरच्याचा 'नाही' खोडून काढणारा हा शब्द वर्गात कधी डोक्यात शिरला नव्हता. आपण 'वाचली की!' म्हणतो, त्यातला 'की' तो हाच.

आजी क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "वाचली, तर टाकल्या कशाला?"

याचं उत्तर बी-वन पातळीत येतं.