संज्ञापनशास्त्रातल्या भिंतीस अनावृत पत्र

परमपूज्य भिंतबाई यांसी,



पत्रकारिता, आरोग्यसंवाद, विकाससंवाद, लोकसंवाद, जनसंपर्क या भावंडांच्या मधोमध आपण वर्षानुवर्षे उभ्या आहात. एकाचा शब्द दुसऱ्याच्या कानी पडू दिला नाहीत. या निष्ठेबद्दल कर्जत-खालापूरकरांच्या वतीने आभार मानायला हे पत्र.

पहिले आभार इर्शाळवाडीचे. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरची ती ठाकर वस्ती दरडीखाली गेली. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसे सापडलीच नाहीत. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत वाडी नव्हती, असे सरकारने सांगितले. डोंगर कसा बदलतोय, हे डोंगरावर राहणाऱ्यांकडून ऐकून घेणे लोकसंवादाच्या अभ्यासकाचे काम. त्यावरून समजेल असा इशारा लिहिणे आपत्तीसंवादवाल्याचे, तो रस्ता नसलेल्या वाडीवर पोचवणे माध्यमवाल्याचे. या तिघांची गाठ पडू नये म्हणून आपण किती झिजता! दरड कोसळल्यावर कॅमेरे पायथ्याशी वेळेत आले, तेवढे मात्र आपण अडवले नाहीत. उपकार आहेत.

दुसरे आभार कातकऱ्यांचे. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. आरोग्यसंवादाचे तज्ज्ञ कुपोषणावर सुबक, प्रमाण मराठीतले भित्तिपत्रक काढतात आणि ते भर हिवाळ्यात वाडीवर लावतात. वाचायला बंद दारे असतात. स्थलांतर आणि बोली यांचा अभ्यास करणारा शेजारच्याच खोलीत बसतो, पण मध्ये आपण आहात. त्याला त्रास कशाला द्यायचा?

खोपोलीच्या कारखानदारीवरही आपला लोभ आहे. धोकादायक रसायनांविषयीच्या 1989 च्या नियमांप्रमाणे, मोठ्या अपघाताचा धोका असलेल्या कारखान्याने आसपासच्या लोकांना तो धोका आणि बचावाचे उपाय कळवायचे असतात. जनसंपर्कवाले रंगीत पुस्तिका छापतात. वायू सुटला तर लेकरांना घेऊन कोणत्या दिशेला पळायचे, हे वस्तीवरच्या बाईला समजले का, हे विचारणारा दुसऱ्या शाखेचा. त्याला आपण आत सोडत नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

एकदा मात्र आपला डोळा लागला होता, बाई. 1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या 150 गावांत शेतकऱ्यांचे श्रोतागट चालवले. रेडिओवाले कार्यक्रम करत, गावकरी तो एकत्र ऐकून चर्चा करत, त्यांचे प्रश्न केंद्राकडे परत जात आणि टाटा समाजविज्ञान संस्थेचे संशोधक परिणाम मोजत. गट असलेल्या गावांतले शेतीचे ज्ञान वाढले, हे त्यांनी दाखवून दिले. प्रसारण, गटसंवाद आणि संशोधन एका कामाला जुंपले की काय होते, ते महाराष्ट्राने तेव्हाच पाहिले. आपण लगेच जाग्या झालात, हे आमचे भाग्य.

आता पदर पसरून एक मागणे. ज्ञानदेवांनी भिंत चालवली म्हणतात. आपण चालण्याचे कष्ट घेऊ नका, फक्त बाजूला व्हा. पुढच्या पावसाआधी या सगळ्या शाखांचे अभ्यासक उतारावरच्या एकेका वाडीच्या बैठकीत एकत्र बसू द्यात, आणि आधी वाडीला बोलू द्यात. इशारा वाडीकरांसमोर, त्यांच्या शब्दांत लिहिला जाऊ द्या. बाजूला होणार नसाल, तर आपल्याला पाडायला आम्हीच येऊ. माणसे दरडीखाली गेल्यावर आपला मान आमच्याने राखवणार नाही.

कळावे. लोभ आहेच, तो कमी व्हावा ही विनंती.

आपली,
खालापूर तालुक्यातली एक अध्यापिका