पीपीएम काका

भाचीच्या लग्नात द्यायला मी स्टीलची मोठी परात आणली होती. दुकानदाराने टर्रर्र वाजणाऱ्या यंत्राने तिच्या काठावर 'मामा-मामींकडून सप्रेम भेट' असं ठिपक्या-ठिपक्यांनी कोरूनही दिलं होतं. परात काखेत मारून जिना चढत होतो, तर वरून पीपीएम काका उतरत होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, परातीचा काठ डोळ्यांजवळ नेला आणि सदऱ्याच्या खिशातून चुंबक काढलं. हो, चुंबक. इतर लोक खिशात सुपारी बाळगतात.

"चिकटत नाही," मी अभिमानाने म्हणालो. दुकानदाराने हा प्रयोग मला आधीच करून दाखवला होता.

"त्यावर जाऊ नका. निकेल वाचवून मँगनीज घातलेलं दोनशे सिरीजचंही चिकटत नाही. सर्टिफिकेट मागितलंत?"

दीडदोन किलोच्या परातीचं सर्टिफिकेट मी मागितलं नव्हतं. काकांनी मला माफ केलं आणि कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. म्हणजे फिरवल्यासारखं केलं, बोट लावलं नाही.

"शाईने लिहून घेतलं नाहीत हे उत्तम. पण कोरलंत. आता ताण आलाच."

"कुणाला?"

"परातीला."

लग्नघरात ताण परातीलाही येतो, हे मला नवीन होतं.

काका वसईला आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतात. बत्तीस वर्षं ते अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होते. अणुवीज केंद्रात वापरायचा माल त्यांच्याकडे तपासणीला यायचा. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दबून गेलो होतो. डोळ्यांसमोर युरेनियम, शिशाच्या भिंती, पांढरे पोशाख असं काय काय आलं. म्हटलं, "काका, तुम्ही नेमकं काय तपासता?"

"सध्या चिकटपट्टी," काका म्हणाले.

ते गंमत करत नव्हते. चिकटपट्टी, मार्कर पेन, ग्रीस, गॅस्केट, पुसायची फडकी, प्लास्टिकच्या पिशव्या, पाइपच्या जोडावरची चीर शोधायला लावतात ते लाल द्रावण. रद्दीवालाही वजन करताना नाक मुरडेल, अशा या वस्तू. पण तारापूरला काय किंवा काक्रापारला काय, दुरुस्तीच्या वेळी फिटर स्टेनलेसच्या पाइपवर मार्करने एक रेघ ओढतो आणि विसरून जातो. त्या शाईत क्लोराइड असतं. पाइप तापतो. वेल्डिंगच्या जोडापाशी धातूत ताण असतोच.

"तीन तिगाडा, काम बिगाडा!" काका इथे टाळी वाजवतात. "ताण, ऊब आणि क्लोराइड. तिघांतला एक जरी नसला तरी पाइप पन्नास वर्षं हूं की चूं करणार नाही. तिघं भेटले की चीर. आणि चीर कशी? सूक्ष्मदर्शकाखाली बघा, निष्पर्ण झाडासारखी. फांदीला फांदी, तिला परत फांदी. वरून भांडं चकचकीत!"

वरून चकचकीत हा शब्द उच्चारताना त्यांच्या चेहऱ्यावर जी आठी येते, ती मी पुढे नव्या जावयांच्या आणि बिल्डरांच्या संदर्भातही पाहिली आहे.

तर ही क्लोराइडं, फ्लोराइडं, गंधक हुडकून काढायची म्हणून काका चिकटपट्टी जाळायचे. जाळायचे म्हणजे काडी लावून नव्हे. जाड पोलादी भांडं, त्याला ते 'बॉम्ब' म्हणतात. (हा शब्द त्यांनी एकदा विरारच्या जलद गाडीत मोठ्याने वापरला आणि त्या दिवशी त्यांना बसायला जागा मिळाली.) त्यात ग्रॅमभर नमुना, आतल्या तळाला चमचाभर क्षाराचं पाणी, वर तीस वातावरणांच्या दाबाने ऑक्सिजन. तारेतून वीज सोडली की आत सगळं भस्म. धूर त्या पाण्यात विरला की भांडं धुऊन ते धुवण यंत्रात घालायचं, आणि कागदावर एकामागून एक शिखरं उमटतात. आधी फ्लोराइड, मग क्लोराइड, शेवटी सल्फेट. "पालखी येते तशी येतात," काका म्हणतात, "मागचा पुढे घुसत नाही." शिवाय शिसं, जस्त, कथील, पारा वेगळे तपासायचे, कारण हे लवकर वितळणारे धातू गरम पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतात. काकांच्या घरात ताप काचेच्या थर्मामीटरने मोजत नाहीत, हे ओघाने आलंच.

मोजमाप सगळं पीपीएममध्ये. दहा लाखांत एक. मला समजावं म्हणून त्यांनी गच्चीकडे बोट दाखवलं होतं. हजार लिटरच्या टाकीत एक ग्रॅम मीठ टाकलं की झालं एक पीपीएम. मी मान डोलावून घरी आलो. रात्री साडेनऊला बेल वाजली. दारात काका. "मघाशी चुकलं. मीठ एक पीपीएम. क्लोराइड धरलंत तर शून्य पूर्णांक सहा. गैरसमज नको." एवढ्यासाठी हा माणूस जेवण आटपून, सदरा चढवून, दोन जिने चढून आला होता. त्यांचं हे नाव बिल्डिंगमध्ये त्या आठवड्यात पडलं.

शून्य हा शब्द मात्र त्यांच्याजवळ उच्चारायचा नाही. "शून्य कुणी पाहिलंय? 'आढळलं नाही' म्हणा. आणि किती बारीक बघितलं तेही म्हणा." तळमजल्यावरच्या कुलकर्ण्यांच्या मुलीचं स्थळ ठरत होतं, तेव्हा मुलाकडचा माणूस ओळखीचा म्हणून काकांना विचारलं गेलं. मुलगा कसा आहे? निर्व्यसनी ना? काकांनी दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाले, "व्यसन आढळलं नाही. मी त्याला फक्त दोनदा भेटलोय, तेही सकाळी." कुलकर्णीवहिनी आठवडाभर झोपल्या नाहीत. लग्न झालं, मुलगा हिऱ्यासारखा निघाला. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "अजून पाचच वर्षं झालीत."

हयातभर ज्याच्या मागे लागले ते हे क्लोराइड, आणि नशिबाने घर मिळालं वसईला. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला मिठागरं. नोकरीला जाताना नायगाव सुटलं की खाडीच्या अलीकडेपलीकडे ते पांढरे ढीग दिसायचे. बाकीचे प्रवासी वाऱ्यासाठी खिडकीकडे सरकायचे, तेव्हा काका खिडकीची झडप खाली ओढायचे. त्यांना विचारलं, तर "केसांत बसतं" एवढंच म्हणायचे. प्रयोगशाळेत पोचल्यावर कोपरापर्यंत हात धुवायचे, मग हातमोजे. कारण घाम. घामात मीठ. तपासणीच्या भांड्याला उघडं बोट लागलं की त्या बोटाचंच मीठ अहवालात चढतं. या धसक्यामुळे काका आजही हस्तांदोलन करत नाहीत, लांबून नमस्कार करतात. लोकांना वाटतं, काय संस्कार आहेत!

त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट खाऱ्या दाण्यांची आहे. मी ती किमान अकरा वेळा ऐकली आहे. प्रत्येक तपासणीबरोबर एक 'ब्लँक' करायचा असतो. भांडी तीच, पाणी तेच, हात तेच, सगळे विधी तेच, फक्त नमुना घालायचा नाही. "त्यात जे सापडतं ना, ते आपलं स्वतःचं पाप." तर एका पावसाळ्यात सलग तीन दिवस ब्लँकमध्येच क्लोराइड यायला लागलं. पाणी बदललं, बाटल्या बदलल्या, यंत्राची नळी बदलली. इथे काका आवाज खाली आणतात. चौथ्या दिवशी ते काही न बोलता कोपऱ्यात नुसते स्टुलावर बसून राहिले. चार वाजता तराजूवरचा नवा पोरगा खिशातून पुडी काढून एकेक दाणा तोंडात टाकू लागला आणि त्याच हाताने त्याने हातमोजे चढवले. "आतून स्वच्छ, बाहेरून खारे!" पोराला त्यांनी रागावलं नाही. उरलेली पुडी त्याच्याकडून मागून घेतली आणि गेटाबाहेर उभं राहून दोघांनी मिळून संपवली.

या ब्लँकचा आम्हाला उपद्रवही आहे आणि उपयोगही. सोसायटीच्या सभेत कुणी कुणावर गळतीचा, कचऱ्याचा, चोरीचा आळ घेतला की मागच्या खुर्चीवरून आवाज येतो, "ब्लँक घेतला होता का?" पाटलांच्या छतातून पाणी ठिबकत होतं, वरच्या मजल्यावरच्यांशी बोलचाल बंद होण्यापर्यंत वेळ आली. काकांनी वरच्यांना एक दिवस नळ बंद ठेवायला लावले. ठिबक चालूच. निघाली ती पाटलांच्याच पोटमाळ्यावरची टाकी. टँकरवाल्याला तर ते खाटकासारखे वाटतात. टँकर आला की काका परीक्षानळी घेऊन खाली उभे. दोन थेंब सिल्व्हर नायट्रेटचे पडले आणि पाणी ताकासारखं पांढरं झालं, की टँकरवाला समजून जातो की खाऱ्या विहिरीचं बिंग फुटलं. त्याने एकदा चिडून विचारलं, "आजोबा, पिताय की अणुभट्टीत घालताय?" काकांना इतका आनंद मी कधी झालेला पाहिला नाही. म्हणाले, "भट्टीसाठी असतं तर तुला गेटावरूनच परत पाठवलं असतं."

काकांच्या या शास्त्राला फक्त काकू बधत नाहीत. लग्न झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात काकूंनी कैरीचं लोणचं घातलं. काकांनी त्यांना समोर बसवून, कागदावर आकृती काढून, लोणचं स्टीलच्या डब्यात का भरू नये हे पाऊण तास समजावलं. मीठ, आंबट, वर्षभर मुक्काम, तळाला बारीक खड्डे. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि उठून माळ्यावरून चिनी मातीची बरणी काढली. "माझी आई चौथी पास होती. ती यातच भरायची. तिला कुणी आकृती काढून दाखवली नव्हती." काका ही गोष्ट स्वतःच सांगतात, आणि शेवटी "पद्धत मान्य" असा शेरा मारतात.

गेल्या गणपतीत काकूंनी मला हाक मारली. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरून मोदकपात्र काढून द्यायचं होतं. गुडघे दुखतात, आणि काका बँकेत गेले होते. स्टुलावर चढून बघतो तर मोदकपात्रामागे औषधाच्या बाटल्यांएवढ्या काचेच्या बाटल्यांची रांग. प्रत्येकीला लेबल. काकू खालून म्हणाल्या, "ते ह्यांचे राखीव नमुने." प्रयोगशाळेत प्रत्येक लॉटमधला थोडा माल वेगळा ठेवायची पद्धत असते, उद्या तक्रार आली तर परत तपासता यावा म्हणून. काका निवृत्त झाले, पद्धत झाली नाही. 'चिवडा, दिवाळी २०१४. निकाल : मान्य.' 'बेसन लाडू, २०११. निकाल : साखर मर्यादेबाहेर.' 'चकली, २०१६. निकाल : नाकारली. पुन्हा तळल्यावर मान्य.' बाटल्या मात्र बहुतेक रिकाम्या होत्या. तेलकट जिन्नस खवट होतो, म्हणून काकू दर संक्रांतीला गुपचूप ओतून देतात आणि बाटली धुऊन जागच्या जागी ठेवतात. काकांना हे ठाऊक आहे. त्यांना ठाऊक आहे हे काकूंनाही ठाऊक आहे.

अगदी टोकाला एक बाटली भरलेली होती. पिवळट पूड, बुचावर मेणाचा थर. मी लेबल वाचायला ती हातात घेतली. 'मेतकूट. आई. लॉट : शेवटचा. मे १९९४. निकाल :' आणि पुढे काहीच नव्हतं.

तेवढ्यात दाराची कडी वाजली. काका पासबुक घेऊन आत आले, स्टुलावरच्या माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या बाटलीकडे त्यांनी पाहिलं. काही न बोलता खुंटीवरचं धुतलेलं फडकं घेतलं, फडक्यातच ती बाटली माझ्याकडून काढून घेतली, चहूबाजूंनी पुसली आणि उजेडात धरून एकदा बुचाकडे पाहिलं. मग मला वर देत म्हणाले,

"हात धुतले होते का?"