लागला का?

आमच्या ऑफिसात सकाळी पहिलं वाक्य कानावर पडतं ते बहुधा "रिस्टार्ट मारून बघितलंस का?" हे. मग दिवसभर मारामारी चालूच. कोणी पिंग मारतं, कोणी पॅच मारतं, कोणी बिल्ड मारून जेवायला जातं आणि सहाच्या सुमाराला दोघं-तिघं हळूच कल्टी मारतात. हिंजवडीतल्या एका सहाव्या मजल्यावर बसून पंधरा वर्षं मी यात सामील आहे. आपण एवढे मारकुटे कधी झालो, हा प्रश्न मात्र परवापर्यंत पडला नव्हता. तो पाडला आत्यानं. पण तिच्याकडे येण्याआधी आचाऱ्यांचं सांगायला हवं.

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा दिनाला, आमच्याकडे एक खेळ होतो. दिवसभर इंग्रजी शब्द वापरायचा नाही, वापरला की डब्यात दहा रुपये. यंदा अकरा वाजेपर्यंत डबा भरला आणि वादाला तोंड फुटलं. टेस्टिंगमधल्या एका व्युत्पत्तीवेड्या मुलीनं विचारलं की दंड फक्त इंग्रजीलाच का? 'पगार' पोर्तुगीज आहे, 'रजा' आणि 'हजेरी' अरबीतून आल्या, 'दप्तर' फारसीतून आलं, ज्या खुर्चीवर बसून तुम्ही दंड वसूल करता तीही अरबी. मग आपलं काय, असं कोणीतरी चिडून विचारलं. "काम," ती म्हणाली. "ते संस्कृत 'कर्म'वरून, प्राकृतातून, थेट घरचं." पगार, रजा आणि खुर्ची बाहेरून आणवावी लागली, काम तेवढं वडिलोपार्जित, हे ऐकून सगळे जरा गप्पच झाले.

त्या दिवशी पुरणपोळीचं जेवण होतं. आभाराचा मेल मराठीत लिहायची हौस मला आली आणि मी सर्वांना कळवलं, 'आजच्या सुग्रास भोजनाबद्दल आचार्यांचे मनःपूर्वक आभार.' दहा मिनिटांत दोन उत्तरं. एकानं विचारलं, कुठले आचार्य आले होते, प्रवचन चुकलं का? दुसऱ्यानं नुसताच हात जोडलेला इमोजी टाकला.

दोष त्या र-चा. 'आचाऱ्यांचे' लिहायला लागणारा अर्धा र वेगळा असतो. तो मला इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या कळफलकावर सापडलाच नव्हता. तो नसला की स्वयंपाकी गुरुवर्य होतात आणि सह्याद्रीतल्या दऱ्यांचा दर्या होतो. चाळीस हजार ओळींच्या प्रणालीची जबाबदारी घेणाऱ्या माणसाला स्वतःच्या भाषेतलं एक अक्षर काढता येऊ नये, याची लाज वाटली आणि मी इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी शिकायला घेतली.

त्यासाठी आधी अर्थातच नवा कीबोर्ड घेतला. आमच्या पेशात कुठलीही गोष्ट शिकण्याची सुरुवात खरेदीनं होते. पळायला लागायचं ठरलं की घड्याळ, वाचायचं ठरलं की किंडल. माझा कीबोर्ड मेकॅनिकल, प्रत्येक कळ 'टक्' म्हणणारा. पहिल्याच मीटिंगमध्ये बंगळुरूच्या सहकाऱ्यानं विचारलं, "तुमच्याकडे गारा पडतायत का?"

इनस्क्रिप्ट मात्र खरोखर देखणं आहे. १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी ते प्रमाण म्हणून ठरलं. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. आपल्या वर्णमालेची शिस्त दोन हातांत वाटून दिलेली. क-ची कळ तीच गुजरातीत, बंगालीत, कन्नडमध्ये. 'काम' लिहायला के, ई आणि सी. आणि तो हरवलेला ऱ? शिफ्ट दाबून जे. इतकी वर्षं तो तिथेच बसून होता. तीन आठवडे मी पहिलीतल्या मुलासारखा जीभ बाहेर काढून टाइप करत होतो. चौथ्या आठवड्यात एके दिवशी बोटं माझ्या आधी पोचली. यायला लागलं.

हे 'येणं' मला फार आवडतं. मराठीत आपण पोहणं 'जाणत' नाही, आपल्याला पोहता 'येतं'. म्हणजे विद्या ही पाहुणी, तिच्या मर्जीनं येणारी. आणि जी येते ती जातेही. मला एके काळी पर्ल यायचं. फ्लॅश तर इतकं यायचं की लोक लग्नपत्रिका करून मागायचे. २०२० च्या ३१ डिसेंबरला त्याचा आधार कंपनीनंच काढून घेतला आणि माझं सगळं येणं एका रात्रीत गेलं. बायोडेटात मात्र अजून आहे. निघत नाही हातून.

आता आत्या. ती साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. वय सत्त्याहत्तर. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आली आणि माझ्या घरून-कामाच्या दिवशी समोरच्या खुर्चीत बसून राहायला लागली. माझा नवा हेडफोन तिनं हातात घेऊन तोलून पाहिला आणि म्हणाली, "हलका आहे. आमचा घातला की संध्याकाळी कान दुखायचे." तेव्हा माझ्या लक्षात आलं की डोक्याला हेडफोन लावून, समोरच्या यंत्राकडे बघत, न दिसणाऱ्या लोकांशी नम्रपणे बोलण्याचं काम आमच्या घराण्यात मी पहिल्यांदा करत नाहीये.

तिकिटंसुद्धा तिच्याकडे होती. आमच्याकडे प्रत्येक तक्रारीचं एक टिकीट निघतं. तिच्याकडे प्रत्येक ट्रंक कॉलचं निघायचं, कागदाचं. कुठून, कुठे, कोणासाठी, किती वाजता लागला, किती मिनिटं चालला. माझी स्क्रीन पाहून ती म्हणाली, "एवढी पेंडिंग?"

फरक पडला तो क्रियापदात. फोनवर मी कोणाला तरी म्हणालो, "थांब, एक पॅच मारतो." फोन ठेवल्यावर (कुठे ठेवला, विचारू नका, तो हातातच होता) आत्या म्हणाली, "मारायचं काय त्यात? कॉर्ड लावायची असते. लावली की लाइन लागते."

मारणं आणि लावणं. दोन दिवस ते डोक्यातून जाईना. आपण मारतो त्या गोष्टी बघा: शिक्का, फेरी, गप्पा, दांडी, सही, एंटर. पटकन उरकायच्या. (मिठीही मारतोच, पण तीही फार वेळ चालत नाही.) टाकणं त्याहून सोपं: मेल टाकला, रजा टाकली, सुटलो. लावतो ते मात्र वेगळं. झाड, विरजण, दिवा, कुकर, सवय, अर्थ, जीव. लावलं की थांबावं लागतं, मग ते आपलं आपण लागतं. कुकर आठवला म्हणून सांगतो. पंचवीस मिनिटं काम आणि मग विश्रांती अशी एक इटालियन पद्धत आहे, टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळावरून तिचं नाव 'पोमोडोरो' पडलं. तिचं अॅप मी पैसे देऊन घेतलं होतं. आत्या तीन शिट्ट्या होईपर्यंत पेपर वाचते आणि उठते. तिचं अॅप अजून अपडेट मागायला आलेलं नाही.

त्याच आठवड्यात ते दुधाचं प्रकरण आलं. आमच्या एका दूध डेअरीच्या कामात संकलन केंद्रावरच्या नोंदी थेट सर्व्हरवर येतात आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. तक्रार अशी की काही शेतकऱ्यांच्या प्रत्येक बिलात एका सकाळचं दूध कमी. सगळ्यांच्या नाही, काहींच्याच. आम्ही एक पॅच मारला. मग त्या पॅचवर दुसरा. त्यानंतर काहींचं दूध दोनदा दिसायला लागलं, तेव्हा तक्रारी थांबल्या आणि मला खरी भीती वाटली.

आत्या लसूण सोलत होती. कोणाला तरी सांगावं म्हणून मी तिला सांगायला लागलो. आमच्यात याची रीतच आहे, प्लॅस्टिकच्या बदकाला प्रश्न समजावून सांगायची, पण बदक उलटे प्रश्न विचारत नाही.

"कोणाचं दूध जातंय?"

"तसं काही ठरलेलं नाही गं. पण बहुतेक जे अगदी लवकर येतात त्यांचं. पाच, सव्वापाच."

"साडेपाचनंतरच्यांचं जात नाही?"

मी यादी पाहिली. एकाचंही नव्हतं.

तिनं पाकळी वाटीत टाकली. "आमच्याकडे रात्रपाळीला बाराच्या आधी बुक झालेला कॉल बारानंतर लागला की तिकिटावर तारीख कुठली घालायची, यावरून भांडणं व्हायची. तुमच्या त्या मशीनचं घड्याळ कुठल्या गावचं आहे?"

घड्याळ ग्रीनिचचं होतं. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे अकरा तारखेला पहाटे सव्वापाचला घातलेलं दूध सर्व्हरच्या लेखी दहा तारखेलाच पडत होतं, आणि दहा तारखेचं बिल तर आदल्या रात्रीच बंद झालेलं. ती नोंद मग ना या बिलात, ना पुढच्या. शिक्षा फक्त लवकर उठणाऱ्याला. आणि हे मला येत होतं! नोकरीच्या पहिल्याच वर्षी आलं होतं. मधे कधी गेलं, कळलं नाही.

घड्याळ कुठल्या गावचं, हा प्रश्न तसा आपल्याकडे जुना. १९०६ पासून देशाची प्रमाणवेळ ठरली तरी मुंबईत आपलं, एकोणचाळीस मिनिटं मागचं घड्याळ सोडायला पुष्कळ वर्षं तयार नसलेली माणसं होतीच. त्यांना आमच्या सर्व्हरची अडचण लगेच कळली असती.

दोन्ही पॅच काढले. तारीख काढण्याआधी वेळ आपल्या गावची करून घेणारी एकच ओळ घातली. जुन्या नोंदी मात्र एकेक करून लावत बसावं लागलं, बंद झालेल्या प्रत्येक बिलातली ती एकेक सकाळ. रात्रीचे दीड वाजले. कीबोर्डच्या टकटकीनं घर जागं होऊ नये म्हणून त्याच्याखाली मुलीचा टॉवेल घातला होता.

आतल्या खोलीतून आत्याचा आवाज आला, अगदी कामावर असल्यासारखा, स्वच्छ.

"लागला का रे?"

"लागला, आत्या."

"मग तिकिटावर वेळ घाल आणि झोप."