दाखला आधी द्या

इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे गावच्या कातकरी वस्तीवरची दहा वर्षांची एक मुलगी सप्टेंबर २०२२मध्ये गेली. नगर जिल्ह्यातल्या एका मेंढपाळाकडे ती मेंढ्या वळायला होती. तिला बेशुद्ध अवस्थेत घरापाशी आणून टाकलं गेलं. नाशिकच्या सरकारी दवाखान्यात तिने जीव सोडला. श्रमजीवी संघटनेने आवाज उठवला, गुन्हा नोंदला गेला आणि मग अशी आणखी पोरं उजेडात येत गेली. घरी थोडे पैसे आणि एखादी मेंढी देऊन नेलेली पोरं.

सुटकेपर्यंत कॅमेरे येतात. मला त्यापुढचं बोलायचं आहे.

अशी वेठबिगारी १९७६च्या कायद्याने बंद झाली. सुटलेल्या मुलासाठी केंद्राच्या योजनेत दोन लाख रुपये आहेत. लैंगिक शोषण किंवा तस्करीसारख्या गंभीर प्रकरणात तीन लाख. पण हे पैसे खटल्याच्या निकालाशी बांधलेले आहेत. तातडीची मदत तेवढी निकालाआधी मिळते, तीही तीस हजारांपर्यंत. आणि या साऱ्याला प्रांताधिकाऱ्यांचा मुक्तीचा दाखला लागतो. तो कागद हातात नसेल, तर मूल सरकारदरबारी सुटलेलंच नसतं. अनेक कातकरी घरांत जातीचा दाखला नाही, रेशनकार्ड नाही, पोराच्या जन्माची नोंद नाही. अशा घराला आपण कागद आणायला सांगतो. निकाल वर्षानुवर्षं लांबतो, चूल रोज पेटवावी लागते, आणि दारात पुन्हा उचल देणारा उभा राहतो. सुटकेनंतर पुनर्वसन झालं नाही तर माणूस परत त्याच गुलामीत ढकलला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने नीरजा चौधरी खटल्यात १९८४ साली सांगितलं आहे.

आता कोर्टाचं. नऊ-दहा वर्षांच्या पोराला विचारतात, कोणत्या तारखेला नेलं? कोणत्या गावात मारलं? ते पोर मेंढ्यांमागे शिवारं तुडवत फिरलंय. त्याला तारीख ठाऊक नाही, गावाचं नाव ठाऊक नाही. थंडी होती, कांदे निघाले होते, एवढं त्याला आठवतं. समोर मालक बसलेला. अशा साक्षीदारासाठी प्रत्येक जिल्ह्यात वेगळं साक्ष केंद्र हवं, आरोपी नजरेसमोर येणार नाही अशी सोय हवी, असा आदेश जानेवारी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. आणि तो खटला महाराष्ट्राचाच होता. आदिवासी पीडिताला खटल्याच्या काळात प्रवासखर्च, निर्वाहखर्च आणि संरक्षण मिळण्याचा हक्क अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५अ मध्ये लिहिलेला आहे. पाड्यावरून नाशिकच्या कोर्टात यायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते, वर गाडीभाडं. हा खर्च कोर्टाच्या आवारातच, त्याच दिवशी, रोख मिळाला पाहिजे.

सगळ्यात अवघड जागा घरातच आहे. पैसे आईबापांनीच घेतलेले असतात. म्हणून पोलिसी भाषेत तेही गुन्हेगार ठरू शकतात, आणि ही भीती घातली की घर गप्प होतं. भूक ज्या घरात आहे तिथे पाचशे रुपये ही संमती नव्हे. कायदाही तसंच मानतो: कर्ज वेठीचं नव्हतं, हे सिद्ध करण्याचा भार वेठबिगारी कायद्याच्या कलम १५ने घेणाऱ्यावर नाही, देणाऱ्यावर टाकलाय. त्यामुळे आईबापांना आरोपीच्या पिंजऱ्यात ढकलणं म्हणजे मुलाचा एकुलता एक आधार काढून घेणं आहे. उलट, घर डळमळीत आहे तेव्हा बालकल्याण समितीने मुलाशेजारी एक खात्रीचं माणूस उभं करावं, त्याची बोली जाणणारं, निकाल लागेपर्यंत न बदलणारं.

मेंढपाळही भटकाच, त्याच्याही पायाला चटके बसतात, असं म्हणणारे भेटतात. खरं आहे. पण म्हणून दुसऱ्याच्या पोराची पाठ सोलायचा परवाना कुणाला मिळत नाही.

इगतपुरी-त्र्यंबकच्या प्रांतांकडे माझी मागणी साधी आहे. मूल सापडलं, त्याचा जबाब झाला, की चोवीस तासांत मुक्तीचा दाखला द्या. जातीचा दाखला नंतर तुमच्याच माणसांनी घरी जाऊन करावा. आणि कायद्याने नेमायची दक्षता समिती कागदावर ठेवू नका. उचल पावसाळ्यात दिली जाते, घरात दाणा नसताना. समितीची बैठक त्याआधी, जूनमध्ये, पाड्यावर घ्या.