फाइल पूर्ण, रुग्ण स्थिर

नर्सिंगच्या पदवीत रुग्णसेवा शिकवतात, असा एक गैरसमज आपल्याकडे अजून टिकून आहे. बी.एस्सी. नर्सिंग हा मुळात लेखनाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम. हल्लीच्या मुलांचं अक्षर बिघडलं अशी ओरड करणाऱ्यांनी एकदा या मुलींच्या फायली पाहाव्यात. केअर प्लॅन, केस स्टडी, ड्रग स्टडी, प्रोसीजर बुक, लॉग बुक. मथळा काळ्या शाईत, मजकूर निळ्या, समास पेन्सिलीने. लाल शाई मॅडमसाठी राखीव.

या साहित्यात केअर प्लॅनचं स्थान सर्वोच्च. निरीक्षण, निदान, नियोजन, अंमलबजावणी, मूल्यमापन, असे त्याचे पाच टप्पे. मेडिकल वॉर्डातल्या एखाद्या आजींना रात्रभर झोप लागलेली नसते. पहाटे पाचला ताप, नाडी, श्वास मोजण्याचा टीपीआर झालेला असतो. सातला पहिल्या वर्षाच्या मुली येतात. ‘आजी, घरात संडास आहे का? खिडक्या किती?’ नवाच्या सुमाराला तिसऱ्या वर्षाच्या येऊन तेच विचारतात, वर ‘जरा कुशीवर व्हा, पाठ बघायचीय.’ मग निदान लिहिलं जातं : रुग्णालयातील वातावरणामुळे झोपेत व्यत्यय. नियोजनाच्या रकान्यात ‘शांत वातावरण देणे’, अंमलबजावणीच्या रकान्यात ‘शांत वातावरण दिले’. मूल्यमापनात बहुतेक ‘उद्दिष्ट अंशतः साध्य’ येतं. पूर्ण साध्य लिहिलं तर मॅडमना खरं वाटत नाही. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 च्या पुस्तकात रुग्णाजवळच्या गोंगाटावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं होतं. दोन मार्कांच्या प्रश्नाला ते साल फार उपयोगी पडतं.

एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावेत, असा नियम आहे. काही ठिकाणी हे गणित उलटं फिरतं आणि एका आजींच्या वाट्याला पाच विद्यार्थिनी येतात. त्यात वाईट काय? एवढी आपुलकीची चौकशी आजींच्या सुनेनंही कधी केली नसेल.

हेल्थ टॉक हा तर निव्वळ कलाप्रकार. रात्रभर जागून रंगवलेला चार्ट, फ्लॅश कार्डं, थर्माकोलचं ताट. विषय समतोल आहार. समोर जे बसून ऐकू शकतात त्यांतले निम्मे ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेले. तरी माना डोलवतात बिचारे. हात धुण्याच्या पायऱ्या तर इतक्या सुबक करून दाखवतात की वॉर्डातल्या बेसिनला साबण नाही, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

शिस्तीचंही कौतुक करायला हवं. पदवी हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाची हजेरी शंभर टक्के भरावी लागते. म्हणून ताप अंगावर काढून मुलगी वॉर्डात येते आणि संसर्ग कसा पसरतो याचा धडा एकदमच सगळ्यांना मिळतो. 2021 मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलने सेमिस्टर पद्धत आणली. चार वर्षांचे आठ तुकडे झाले, स्टेशनरीवाल्यांचं भलं झालं.

एक त्रुटी मात्र राहून गेली आहे. वॉर्डातल्या मावशी अधूनमधून या मुलींना खरंखुरं काहीतरी शिकवून जातात. अर्धांगवायूच्या माणसाला कण्हू न देता कूस कशी बदलायची, बेडपॅन देताना पडदा आधी का ओढायचा, भेदरलेल्या नातेवाइकाला काय सांगून बाहेर बसवायचं. कर्मचारी अपुरे असले की सिस्टरही मुलींना हाताशी घेतात आणि दुपारपर्यंत बीपी, ड्रेसिंग, सलाइन यांत त्यांचा वेळ जातो. फायली तशाच पडून राहतात. सुदैवाने लॉग बुकवर सही करण्याचा अधिकार मावशींना नाही, त्यामुळे हे शिक्षण कुठेही धरलं जात नाही.

ज्यांना प्रवेश घ्यायचा आहे त्यांनी सुवाच्य अक्षराच्या एखाद्या सीनियरशी वेळीच ओळख करून घ्यावी. तिच्या फायली जपून उतरवाव्यात, रुग्णाचं नाव, वय तेवढं बदलावं. वयाबरोबर लिंगही बदललं तर गर्भाशयाचा केअर प्लॅन आजोबांच्या नावावर जाणार नाही, एवढं पाहावं.