अपडाउनवाले काका

बडोद्याच्या दांडिया बाजारात वाड्यागणिक एक तरी अपडाउनवाले काका सापडतात. राहायला बडोद्यात, सर्व्हिसला सावली गावाकडे. मधला रस्ता तीसेक किलोमीटरचा. तो रोज दोनदा तुडवणं म्हणजे अपडाउन. सकाळी त्याच बाजूच्या मंजुसरच्या जीआयडीसीकडे, म्हणजे औद्योगिक वसाहतीकडे जाताना ते अप असतात की संध्याकाळी घरी येताना, हे त्यांनी कधी तपासलेलं नाही. विचारलंत तर म्हणतील, ‘‘तुम्ही फार डीपमध्ये जाता ने!’’

काकांचं इंग्रजी व्याकरणात बसत नाही, शटलमध्ये, म्हणजे शेअर गाडीत मात्र ऐसपैस बसतं. वाटेतल्या दुमाड चोकडीला गाडी खचाखच भरली की ते दारात उभं राहून फक्त ‘‘अ‍ॅडजस्ट!’’ म्हणतात. सरका, पिशवी मांडीवर घ्या, आणि मी आधी आलो होतो की तुम्ही यावर वाद नको, हे सगळं त्यात आलं. तिघांच्या बाकावर पाचवा माणूस बसतो तो याच एका शब्दाच्या जोरावर.

वाढदिवसाला पार्टी असते हे त्यांना नातवाकडून कळलं. त्यांच्या लेखी पार्टी म्हणजे समोरचा माणूस, तोही पैसे देणारा. पार्टी तगडी असते, पार्टी उठते, पार्टी बसते. मुलीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हाही परत येऊन काकूंना म्हणाले, ‘‘पार्टी चांगली आहे, पण मुलगा जरा ट्यूबलाइट वाटला.’’

तो मुलगा अखेर जावई झाला. मुंबईचा. पहिल्याच दिवाळीला सासरे कानात म्हणाले, ‘‘संध्याकाळी मित्राच्या क्वार्टरवर बसू.’’ दारूबंदीच्या गुजरातेत सासऱ्यांनी ही सोय केली म्हणून जावयाचा ऊर भरून आला. संध्याकाळी कंपनीच्या दोन खोल्यांच्या घरात त्याला खमण आणि कटिंग चहा मिळाला. दोघांचंही इंग्रजी शुद्ध होतं, हे मी मुद्दाम नोंदवतो.

सावलीच्या बाजूला मेट्रोचे डबे बांधणारा कारखाना आहे, त्यामुळे परदेशी इंजिनिअर अधूनमधून दिसतात. अशाच एकाला काकांनी चहाच्या टपरीवर गाठलं. ‘‘युवर कार, व्हॉट अ‍ॅव्हरेज?’’ तो विनयाने म्हणाला, ‘‘येस, व्हेरी अ‍ॅव्हरेज.’’ काकांना दया आली. ‘‘सर्व्हिस करून घे, वाढेल,’’ असा मोलाचा सल्ला त्यांनी मराठीत दिला.

इतिहासही त्यांना याच भाषेत पाठ आहे. पिलाजीराव गायकवाडांची 1732 साली मारवाडच्या अभयसिंहाने डाकोरला हत्या करवली आणि अंत्यसंस्कार सावलीत झाले. काकांचं कथन असं: ‘‘अभयसिंहाला युद्धात जमेना. मग त्याने मीटिंग लावली आणि मीटिंगमध्येच गेम केला. फुल सेटिंग!’’ इतिहासकार सरदेसायांना यासाठी बरीच पानं लागली असती.

याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांसाठी ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा आठ भाषांचा कोश करवून घेतला होता. तो 1931 मध्ये निघाला. इंग्रजी शब्द आला की त्याला घरचा प्रतिशब्द द्यायचा, अशी महाराजांची शिस्त. काकांची रीत उलटी. शब्द इंग्रजांचाच ठेवायचा, फक्त त्याला घरच्या कामाला जुंपायचं. लाइट जाते, डोक्याला शॉट लागतो, साहेबाला पॉवर येते, शेजारच्या सुनेची डिलिव्हरी होते. पंडितांनी नाक मुरडलं तरी मला काकांचा कारभार महाराजांच्याच तोलाचा वाटतो. खर्चही कमी.

तुम्हाला सावलीकडे कधी काम निघालंच, तर काकांच्या शटलनेच जा. जागा ते काढून देतील. फक्त फोनवर ‘‘फाइव्ह मिनिट’’ म्हणाले, तर घरून जेवून निघा.