भावज्ञ

यवतमाळच्या दत्त चौकातून बाजाराकडे निघालेला मनुष्य सामान्यतः काही खरेदी करावयास निघालेला असतो. परंतु भावज्ञ या वर्गातील गृहस्थांचा बाजाराशी असलेला संबंध निव्वळ ज्ञानसाधनेचा असल्यामुळे, खिशात रक्कम असूनही रिक्तहस्ते परतण्यातच त्यांना कृतार्थता वाटते. आमचे गृहस्थ एका जिनिंग फॅक्टरीत हिशेबनीस आहेत. घरी प्लेस्टेशन 5 आहे. तो पुण्याच्या मेहुण्याने धाडला हे सांगावयास नकोच. स्वतः घ्यावयाचा असता तर त्यांची चौकशी अद्याप पुरी झाली नसती.

फेब्रुवारी 2021 मध्ये हे यंत्र भारतात 49,990 रुपयांस विक्रीस आले तेव्हा सुटा कंट्रोलर 5,990 रुपयांस होता, आणि त्याच हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 5,825 रुपये होता. हे दोन आकडे शेजारी मांडल्या दिवसापासून त्यांनी क्विंटल हेच सकल वस्तुजाताचे परिमाण मानले आहे.

"एक क्विंटल कापूस देऊन वरून एकशे पासष्ट रुपये रोख मोजा, तवा हातात एक रिमोट येते!" असे ते दुकानदारास सुनावतात.

"मंग कापूसच आना न भाऊ," दुकानदार काउंटर पुसत म्हणतो, "काटा लावतो."

घरच्या एकुलत्या एक कंट्रोलरची डावी दांडी झिजली आहे. आतील कार्बनच्या पट्टीवर घासणारा स्पर्शक झिजला की दांडी न हलविताही यंत्रास हुकूम पोचतो. त्यामुळे त्यांचा फुटबॉलपटू प्रतिपक्षाचा गोल समोर असताना, कोणत्याही सबळ कारणाशिवाय, कोपऱ्यातील झेंड्याकडे चालू लागतो. चुंबकावर चालणाऱ्या, न घासणाऱ्या दांड्यांचे कंट्रोलरही मिळतात. त्यांचेही दर त्यांस मुखोद्गत आहेत.

खरा संताप मात्र साठवणुकीचा. यंत्राची क्षमता 825 जीबी. पैकी खेळांच्या वाट्यास सुमारे 667. बाहेरून स्वस्त हार्ड डिस्क जोडावी तर तिच्यावर पीएस 5 चे खेळ ठेवता येतात, खेळता येत नाहीत. आणि सप्टेंबर 2021 च्या अपडेटने खुला झालेला आतील खाचा वेगवान, अर्थात महाग, एसएसडीच मागतो. एक्सबॉक्सवाल्यांनी 2020 मध्ये अमेरिकेत 299.99 डॉलरच्या सिरीज एसबरोबर 1 टीबीचे कार्ड 219.99 डॉलरला, म्हणजे यंत्राच्या जवळजवळ पाऊण किमतीस, विकावयास काढले होते. हे सांगताना आमच्या गृहस्थांचा आवाज फौजदारी वकिलासारखा होतो. त्यांचा हा आक्षेप मला रास्त वाटतो. ज्याच्या पदरात यंत्र पडले त्याने जोडसामान घेतल्यावाचून सुटका नाही, हे कंपन्या पक्के जाणून असतात. आणि ज्या जिल्ह्यात माल पिकविणाराच्या हाती दर ठरविण्याचा अखत्यार कधी आला नाही, तेथे ही सक्तवसुली अधिकच झोंबते.

त्यांच्या दैनंदिनीत रकाने आहेत: कंपनीचा माल, फर्स्ट कॉपी, सेकंडहँड, दिवाळी सेल, शेरा. शेऱ्याचा मजकूर सर्वत्र एकच, "थांबावे."

परवा दुकानदार काकुळतीस येऊन म्हणाला, "भाऊ, तुमी सांगाल तो भाव. पन आज घ्याच."

गृहस्थ क्षणभर डळमळले. मग चष्मा सारखा करून विचारते झाले, "पक्क्या बिलासहित?"

"बिलाचे येगळे पडतीन."

त्यांनी समाधानाने दैनंदिनी उघडली आणि एक नवा रकाना आखला.